मदत हवी आहे: गुळाचा चहा फाटतो

नाशिककरांनो, महिनाभर घरातली पांढरी साखर बंद केली आहे. गूळही शेवटी साखरच, हे ठाऊक आहे, म्हणून तो बेतानेच घेते. शिऱ्यात खजूर, खिरीत निफाडकडचे बेदाणे वाटून घातले, मस्त जमलं. अडलंय ते चहापाशी. दूध फाटतं, वर पिवळसर पाणी अन् तळाला कण! गॅस बंद करून गूळ घातला, दूध वेगळं तापवून ओतलं, तरी तीनदा केला की एकदा फाटतोच. दूध म्हशीचं, ताजं. आलं घालत नाही. गूळ पिवळाधमक. मधुमेह कुणाला नाही, स्टीव्हिया (गोड पानांपासूनचा साखरेचा पर्याय) मात्र नको, कडवट लागतं. काळसर, बिनरसायनी गुळाने फरक पडेल का? आणि रविवार कारंजा किंवा पंचवटीत तो सुटा, खात्रीचा कुठे मिळेल?