थेरपीने आखडलेली मानही सुटते का?

प्रश्न: कसारा घाटातल्या अपघाताला दीड वर्ष झालं. ह्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी मान आखडलेली, रात्री घामाघूम होऊन उठतात. नाशिकला द्वारका चौकात ट्रकचा हॉर्न वाजला की रिक्षाची दांडी इतकी घट्ट धरतात, बोटं पांढरी पडतात. भाचीच्या लग्नालाही आले नाहीत. डॉक्टर ट्रॉमा थेरपी, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यावरचे मानसोपचार, घ्या म्हणतात. नुसतं बोलून मान कशी सुटेल?

उत्तर: ताई, नुसतं बोलणं नसतं ते. धोका टळलाय हे शरीराला पटलेलंच नसतं, म्हणून स्नायू ताठ आणि झोप उथळ. मी गंगापूर रोडला ईएमडीआर घेतलं: आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये हे आणि ट्रॉमावरची सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी), दोन्ही सुचवलंय. सुरुवातीला त्रास वाढला, आधीच सांगून ठेवते. मग एक दिवस जाणवलं, जबडा सैल आहे. चार महिन्यांनी भिशीला गेले. दाराजवळ बसले, पण गेले!

उत्तर: मानेची फिजिओ मात्र चालूच ठेवा. रात्री फार घाबरले तर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

प्रश्नकर्ती: शनिवारची वेळ घेतली. ‘तू बाहेर बसशील ना?’ एवढंच विचारलं त्यांनी.