मदत हवी आहे : जुन्या फायबरच्या शिडाच्या बोटीची भोकं आणि फिटिंग्ज

नमस्कार मंडळी,

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, गोसेखुर्दच्या बॅकवॉटरला लागून आहे. मुंबईकडच्या एका क्लबाने मोडीत काढलेली फायबरची शिडाची बोट मी घेतली आहे. लांबी साधारण १४ फूट. शीड आणि डोलकाठी उत्तम आहेत, बोटीच्या अंगाला मात्र काम आहे. गावातल्या पोरांना वाऱ्यावर बोट हाकायला शिकवायचं फार मनात आहे. लाकडी डोंगा दुरुस्त करणारी जाणती माणसं इथे आहेत, फायबरच्या बोटीला हात लावलेलं कोणी नाही.

आधी भोकांबद्दल. रात्री बोट अंगणात उपडी घातली, आत टॉर्च लावला आणि बाहेरून जिथे जिथे उजेड फुटला तिथे खडूने खुणा केल्या. बहुतेक भोकं जुन्या स्क्रूंची आहेत. ती थोडी मोठी करून, अ‍ॅसिटोनने पुसून, घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरेन. पुढच्या बाजूला मात्र आपटून रुपयाएवढं भोक पडलंय आणि भोवती चिरा गेल्यात. तिथे कुणीतरी एम-सील भरून वरून सिलिकॉन फासलंय. ते सगळं खरवडून काढायचं, कारण सिलिकॉनचा अंश राहिला तर वर काहीच धरत नाही. तिथलं फायबर ४ मिमी जाड आहे. म्हणजे जाडीच्या १२ पट उताराच्या हिशेबाने भोवती पाच सेंमी घासून उतार द्यावा लागेल, बरोबर ना?

खरा पेच रेझिनचा आहे. नागपूरला कूलरच्या फायबर बॉडी बनवणारे एक दादा पॉलिस्टर रेझिन, हार्डनर आणि मॅट (काचतंतूंची चटई) द्यायला तयार आहेत. (रेझिन लवकर सुकावं म्हणून घालतात ते कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, भडका उडू शकतो, हे त्यांनी दोनदा बजावलं. भला माणूस.) पण जुन्या फायबरवर इपॉक्सी (दुसऱ्या प्रकारचं रेझिन) जास्त चांगली धरते. मग नेहमीची मॅट चालत नाही, कारण तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीननेच विरघळतो. विणलेलं कापड लागतं. शिवाय इपॉक्सीवर पॉलिस्टरचा जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) नीट सुकत नाही. पाण्याखालच्या भागाला इपॉक्सी करून वर पॉलियुरेथेन रंग दिलेला कोणाचा अनुभव आहे का? किती वर्षं टिकला?

आता फिटिंग्ज, आणि माझी जास्त काळजी इथेच आहे. डोलकाठीच्या तारा ज्या पट्ट्यांना बांधतात, त्यांच्याखाली फायबरच्या दोन थरांत प्लायवूड आहे. नाण्याने ठोकून पाहिलं तर एका बाजूला टणटण वाजतं, दुसऱ्या बाजूला नुसतं थबथब. बोल्ट काढला तर काळपट ओला भुसा बाहेर आला. शेजारचे ढिवर काका तिथे बोटाने दाबून म्हणाले, "हे तं अंदरून पुरं सडलं न भाऊ." वाऱ्याचा सगळा ताण याच जागेवर येतो. पट्टी उपटली तर काठी पोरांच्या अंगावर पडेल, म्हणून इथे जुगाड नको. खालून फायबर कापून नवीन मरीन प्लाय बसवावा, की बोल्टाभोवती मोठं भोक पाडून इपॉक्सी भरून पुन्हा ड्रिल केलं तरी पुरेल? मला पहिलाच मार्ग पटतो, पण कापल्यावर आकार बिघडू नये म्हणून आधार कसा द्यायचा ते कळत नाही. खालून ३ मिमीची स्टीलची प्लेट देणारच आहे. पाणी गोडं असल्यामुळे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील चालेल, की ३१६च घ्यावं?

सुकाणूच्या बिजागऱ्या आणि मागचं बूच नवीन घेईन. हवाबंद कप्प्यात सायकल पंपाने अगदी हलकी हवा भरून, गळती शोधायला साबणाचं पाणी लावणार आहे.

एक इथल्या हवेचं. आता रात्री थंडी आणि सकाळी दव, त्यामुळे काम दुपारीच करता येतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की रेझिन डब्यातच घट्ट होईल. फेब्रुवारीत उरकावं असा विचार आहे. पॉलिस्टरला तेव्हा हार्डनर किती टक्के ठेवता?

कोकणात फायबरच्या होड्या करणाऱ्यांनी जरूर लिहा. सामान नागपूरहून आणू शकतो. सडलेल्या भागाचे फोटो उद्या दिवसाउजेडी काढून टाकतो.