साक्रीची वीज धुळ्यात वापरली, तरी पारेषण आकार सोलापूरइतकाच?

तेलमिलवाला, धुळे
आमची मिल ओपन ॲक्सेसवर, म्हणजे थेट उत्पादकाशी करार करून, साक्री तालुक्यातल्या सोलर प्रकल्पाची वीज घेते. अंतर पन्नासेक किलोमीटर. हीच वीज सोलापूरहून घेतली असती तरी पारेषण आकार, म्हणजे मोठ्या लाइनींवरून वीज आणण्याचं भाडं, तेवढाच पडला असता, कारण राज्यभर एकच दर. जी लाइन आम्ही वापरतच नाही, तिचे पैसे का भरायचे? अंतर बघून आकार लावा.

निवृत्त ऑपरेटर, भुसावळ
वापरत नाही हे कोणी सांगितलं? करार साक्रीशी असेल, पण विजेला करार वाचता येत नाही. इम्पीडन्स, म्हणजे लाइनीचा अडथळा, बघून ती सगळ्या समांतर लाइनींमध्ये वाटली जाते. तुमच्या घाण्यात साक्रीची असेल, आमच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राचीही असेल. आणि लाइन वापरलेल्या युनिटवर बांधत नाहीत, सर्वाधिक मागणीवर (पीक लोडवर) बांधतात. दिवस मावळल्यावर मिल बंद ठेवता का?

तेलमिलवाला
तुम्हनं खरं शे भाऊ, पण रात्रीच्या विजेचा डिमांड चार्ज, म्हणजे कमाल मागणीवरचा आकार, मी वेगळा भरतोच. एकाच यंत्रणेचे दोनदा?

धडगावकर
अंतराचं काढलंत तर अक्राणीचं काय? सातपुड्यातल्या पाड्यांवर लाइन न्यायची म्हणजे डोंगर, जंगल आणि चार-चार घरांसाठी खांब. सगळ्यात महाग वीज तिथेच होईल. तुमचे वाचलेले पैसे कोणाच्या तरी बिलात जाणारच. खर्च घटत नाही, नुसता सरकतो.

लोडफ्लो
किलोमीटर हे मापच इथे कामाचं नाही. आंतरराज्य लाइनींचा खर्च वाटताना 2011 पासून लोड फ्लोचा, म्हणजे कोणत्या लाइनीतून किती वीज वाहते याचा, अभ्यास धरतात. 2020 च्या नियमांत तर खर्चाचे भागच पाडलेत: काही राष्ट्रीय, काही प्रादेशिक, काही प्रत्यक्ष वापरावर.

वापर मोजायची एक रीत अशी. चांगदेवला तापी-पूर्णा मिळाल्या की पुढचा थेंब कोणत्या नदीचा ते सांगता येत नाही, प्रमाण सांगता येतं. तसं प्रत्येक सबस्टेशनात ज्या प्रमाणात वीज आली, त्याच प्रमाणात ती बाहेरच्या प्रत्येक लाइनीवर गेली असं धरायचं. हे गृहीतक आहे, निसर्गनियम नव्हे; भांडायला जागा उरतेच.

आता साक्रीकडे बघा. मे महिन्यात दुपारी सोलर जोरात, शेतीपंपही चालू. वीज जवळच मुरते, वरच्या, म्हणजे जास्त दाबाच्या, लाइनीचा भार उतरतो. प्रवाह निम्मा झाला की त्या लाइनीतली गळती चौथाईवर येते. पावसाळ्यात ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या जोर धरतात आणि नेमके तेव्हाच पंप बंद. मग तीच वीज उलटी वर चढते. वर्षभराचा एकच दर दोन्ही वेळा चुकतो.

तेलमिलवाला
म्हणजे मे महिन्यात मला सूट हवी!

निवृत्त ऑपरेटर
आणि ऑगस्टमध्ये जादा भराल?

तेलमिलवाला
ऑगस्टचं पवनचक्कीवाल्यांना विचारा. आमचं सोलर तेव्हा ढगाखाली असतं.

धडगावकर
तासातासाचा दर लावायचाच तर ओपन ॲक्सेसवाल्यांना लावून बघा. तुमच्याकडे अकाउंटंट आहेत. घरगुती बिलाला हात लावू नका.

तेलमिलवाला
चालेल. पण भार उतरवला त्याची वजावटही त्याच बिलात दिसली पाहिजे. नाहीतर ही नुसती दरवाढ.