सी विंगमागची तांबडी कुत्री: सोसायटी ग्रुपवरची शनिवार-रविवारची चर्चा

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

सी-४०२: मुलांचा बॉल ट्रान्सफॉर्मरच्या मागे गेला होता. आमचा छोटा तो काढायला आत वाकला आणि तिथल्या तांबड्या कुत्रीने त्याची पोटरी पकडली. दोन दात लागलेत, रक्त आलंय. अजून कोणाची मुलं खाली असतील तर आधी वर बोलवून घ्या.

सी-२०१: अगं बाई! हळद दाब आधी, रक्त थांबेल. आमच्याकडे तर कुत्रं चावलं की जखमेत तिखट भरायचे.

आप्पा डी-१०३: हळद नको, तिखट नको, चुना नको. काहीही लावू नका. बाथरूमचा नळ सोड, त्याखाली पाय धर आणि अंगाच्या साध्या साबणाने धूत राहा. घड्याळ बघून पंधरा मिनिटं. पोर रडेल, रडू दे. जखमेत रेबीजचा विषाणू असला तर साबणाने त्याचं वरचं आवरण फुटतं आणि पुष्कळसा पाण्याबरोबर वाहून जातो. पट्टी बांधू नकोस. धुऊन झालं की लगेच निघा, उद्यावर टाकू नका.

सी-४०२: धुतोय आप्पा. हे गाडी काढायला गेलेत. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेऊ का?

आप्पा डी-१०३: जिथे सीरम आहे तिथेच जा, फोन करून विचारून निघा. छोट्या दवाखान्यात बहुतेक वेळा नुसती लस असते. सरकारी रुग्णालयात दोन्ही फुकट मिळतं. रक्त आलंय म्हणजे ही तिसऱ्या, सगळ्यात गंभीर श्रेणीची जखम, इथे नुसत्या लशीवर भागत नाही. जखमेत आणि जखमेच्या कडेने इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तेच सीरम, टोचायचं असतं. लस अंगात मुरून प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात, तेवढे दिवस सीरम राखण करतं. लगेच टाके घालायची घाई करू देऊ नका. धनुर्वाताचंही विचारा.

बी-६०४: आप्पा, तुमचा मान राखून सांगतो, आता पुरे झालं. माझी दोन मुलं त्याच पार्किंगमध्ये सायकल चालवतात. दूधवाल्याच्या गाडीमागे कुत्री धावतात, रात्रपाळीहून येणाऱ्या मुली गेटवरून घरी फोन करतात. सेक्रेटरी, उद्या गाडी बोलवा आणि सगळी उचलून घाटापलीकडे सोडा. पैसे मी भरतो.

बी-६०४: आणि कायद्याचं मला सांगू नका. कालच सुप्रीम कोर्टाचा आदेश आलाय. मेसेज फिरतोय, कुत्री उचलायची आणि परत सोडायची नाहीत.

सेक्रेटरी: सगळ्यांना विनंती, आधी मुलाचं काय ते कळू दे.

सी-४०२ (रात्री ९:५०): आलो घरी. लस झाली, सीरमही दिलं. पायात चार-पाच ठिकाणी टोचलं, फार रडला. पुढची लस मंगळवारी, मग पुढच्या शनिवारी, शेवटची ६ डिसेंबरला. डॉक्टरांनी विचारलं कुत्री ओळखीची आहे का, दहा दिवस नजरेखाली ठेवता येईल का. मी हो म्हणून आले. बरोबर ना?

आप्पा डी-१०३: अगदी बरोबर. शनिवार, मंगळवार, शनिवार, आणि मग अठ्ठाविसावा दिवस. एकही चुकवू नकोस, पोरगं टुणटुणीत दिसलं तरी. आता जेवून घ्या.

बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो. नोकरीची सगळी वर्षं पशुसंवर्धन खात्यात गेली. रेबीज झालेली जनावरं पाहिलीत आणि एकदा माणूसही पाहिलाय. समोर पाण्याचा पेला धरला की घसा आवळायचा त्याचा. लक्षणं दिसू लागली की त्यावर इलाज नाही, जवळजवळ प्रत्येक जण दगावतो. म्हणून हे मी हलक्यात घेतोय असं कोणी समजू नये.

पण ती कुत्री उद्या उचलून घाटापलीकडे टाकली तर आपल्याला काय कळेल? कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो त्याच्या शेवटच्या थोड्या दिवसांत. चावल्यानंतर दहा दिवस कुत्रं जिवंत आणि धडधाकट राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. उपचार आपण लगेच सुरू केलेत, ते थांबवायचे नाहीतच. तरी १८ तारखेपर्यंत ती डोळ्यांसमोर असणं या मुलाच्या आईबापांसाठी लाख मोलाचं आहे. तिला हाकललं की ती माहितीही गेली.

ए-७०२: आप्पा, मी तिला रोज रात्री पाहते. खाते-पिते व्यवस्थित, पण अंगात दूध आहे. ट्रान्सफॉर्मरच्या मागे विटांच्या आडोशाला पाच पिल्लं आहेत, दिवाळीच्या आसपास झालेली. आत्ता कुठे डोळे उघडून रांगायला लागलीत. बॉल नेमका तिथेच गेला असणार.

बी-६०४: म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मग खायला घालणाऱ्यांनीच जबाबदारी घ्यावी. घरात न्या.

ए-७०२: खायला मी घालते ते गेटबाहेर, पानाच्या टपरीच्या पलीकडे. ट्रान्सफॉर्मरपाशी मी काही ठेवत नाही, तिथे तिला खायला दुसरीकडून मिळतं. सकाळी बोलू. मला त्या मुलाची फार काळजी वाटतेय.

रविवार, ९ नोव्हेंबर

सेक्रेटरी: सुप्रभात. मुलगा रात्री नीट झोपला, ताप नाही. आता शांतपणे बोलूया. फिरणाऱ्या त्या आदेशाचं मी वकील मेहुण्याला विचारलं, ते लिहितो.

११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींनी सांगितलं होतं की दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ते बदललं. नसबंदी, जंतांचं औषध आणि लस करून कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं आणि आक्रमक कुत्रं मात्र सोडायचं नाही. खायला ठरवलेल्या जागीच घालायचं, रस्त्यात कुठेही नाही. परवा ७ नोव्हेंबरला आलेला आदेश शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्टँड-डेपो आणि रेल्वे स्थानकांच्या आवारांचा आहे. तिथली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत. त्यात सोसायट्या नाहीत.

आपल्याला लागू पडतात ते २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम. इथली कुत्री उचलून दुसरीकडे नेऊन टाकणं त्यात बसत नाही.

बी-६०४: आक्रमक कुत्रं सोडायचं नाही असं तुम्हीच लिहिलंत. ही चावली. याहून आक्रमक काय असतं?

आप्पा डी-१०३: प्रश्न रास्त आहे. माझं मत सांगतो. पिल्लांवरची कुत्री बिळात हात घालणाऱ्याला चावणारच. ती रस्त्यात अंगावर धावून आलेली नाही. पिल्लं सुटी झाल्यावरही कोणाच्या अंगावर गेली, तर तिला नसबंदी करणाऱ्या संस्थेच्या पशुवैद्याला दाखवू आणि तो म्हणेल ते करू. तेव्हा मी तुझ्या बाजूने सही करीन.

आता गेल्या वर्षीची आठवण. कमिटीने एका माणसाला पैसे देऊन आपल्या गेटवरची तीन कुत्री उचलायला लावली. मी तेव्हाही विरोध केला होता. तिन्हींच्या कानाला त्रिकोणी काप होता. तो काप म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, आणि नसबंदीबरोबरच रेबीजची लसही देतात. वॉचमनच्या केबिनशी पडून असायची, परकं कुत्रं आत येऊ द्यायची नाहीत. ती गेली, आणि पावसाळ्यात शेजारच्या साइटवरची कामगारांची वस्ती हलली तेव्हा तिथली कुत्री इकडे आली. या तांबडीचा कान अख्खा आहे, बघा कोणीही. म्हणजे लस झालेली तीन घालवून, जिच्याबद्दल काहीच माहीत नाही अशी एक आपण गेटात घेतली, आणि तिला पाच पिल्लं झाली. खायला मिळतंय तोवर जागा रिकामी राहत नाही. घाटापलीकडे गाडी पाठवणारेही असतातच, त्यांची गाडी कुठे रिकामी होते? आपल्यासारख्याच एखाद्या सोसायटीच्या मागे.

सी-२०१: पण आप्पा, नसबंदी करून चावणं थोडंच थांबतं? दात तर तसेच राहतात.

आप्पा डी-१०३: चांगलं विचारलंत वहिनी. भाद्रपदात कुत्र्यांच्या टोळ्या धावतात, भांडतात. दोन महिन्यांत पिल्लं होतात, म्हणजे दिवाळीपासून थंडीपर्यंत गल्लोगल्ली पिल्लांवरच्या कुत्र्या. नसबंदी झाली की माजाची भांडणं नाहीत आणि राखायला पिल्लंही नाहीत. जयपूरला १९९४ पासून एक संस्था हे काम करते. तिथे मुख्यतः माद्यांची नसबंदी आणि लस केली. काम चाललं त्या भागात कुत्र्यांची संख्या तर घटलीच, पण माणसांना चावण्याच्या घटनाही कमी झाल्याचं पुढे नोंदवलं गेलं.

बी-३०३: माझं माहेर म्हापशाचं. गोव्यात लशीसाठी मुलं जाळी घेऊन गल्लीत यायची, कुत्रं जाळीत धरून टोचायचं, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचा, मोबाइलवर नोंद करायची आणि दोन मिनिटांत सोडून द्यायचं. आमच्या भाच्यांना शाळेत येऊन शिकवून गेले, कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. कुत्री आहेत की अजून भरपूर!

आप्पा डी-१०३: हेच मला सगळ्यांच्या मनावर ठसवायचं आहे. गोव्यात रेबीज आटोक्यात आला तो कुत्री हटवून नाही, लशीने. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस असली की रेबीजला एकाकडून दुसऱ्याकडे जायला वाट उरत नाही. नसबंदीने संख्या उतरते, पण सावकाश, चार-पाच वर्षांत. लशीचा फायदा लगेच, मात्र ती दर वर्षी द्यावी लागते. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही करावी लागतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचा अंदाज आहे की देशात अजूनही वर्षाला ५,७०० च्या आसपास माणसं रेबीजने जातात. ज्या रोगाला लस आहे त्याने इतकी माणसं जावीत, याचं मला आयुष्यभर वाईट वाटत आलंय.

ए-५०१: माफ करा मध्येच बोलते. ओल्या कचऱ्याचं कोणी का बोलत नाही? सी विंगच्या मागचे दोन ड्रम बिनझाकणाचे आहेत. क्लबहाउसमध्ये कार्यक्रम झाला की केटररची माणसं उरलेला भात आणि चिकनची हाडं भिंतीवरून पलीकडे ओततात. मी गॅलरीतून पाहते, आधी कावळे, मग घुशी, मग ही कुत्री. ट्रान्सफॉर्मर तिथून दहा पावलांवर आहे.

ए-७०२: हेच मी रात्री म्हणत होते. माझ्या एका वाटीवर पाच पिल्लांची आई जगत नाही.

वॉचमन केबिन: साहेब, मागच्या रविवारी पण सांगितलं होतं केटररवाल्याला. ऐकत नाही.

सेक्रेटरी: बरोबर आहे. हॉलचं डिपॉझिट आहेच. यापुढे उरलेलं अन्न बंद पिशवीत कंपोस्टच्या शेडमध्ये जाईल, नाहीतर डिपॉझिट परत नाही. झाकणाचे ड्रम उद्या मागवतो.

बी-६०४: मी स्पष्ट बोलतो. तुमचं म्हणणं मला कळलं, पण माझ्या मुलांना मी तिथे खेळायला पाठवणार नाही. आत्ता, या आठवड्यात काय करणार ते सांगा. चार-पाच वर्षांचं सांगू नका.

आप्पा डी-१०३: तुझा हट्ट योग्य आहे. आजच ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंनी पत्रे लावू, कुत्रीला जायला मागून फट ठेवू. मुलांना तिकडे वाटच नको. बॉल गेला तर वॉचमन काढेल. सोसायटीतल्या सगळ्या मुलांना संध्याकाळी एकदा बसवून सांगतो: खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांवरच्या कुत्र्याजवळ जायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, आणि नुसता ओरखडा आला तरी घरी लपवायचं नाही. रागावतील म्हणून पोरं सांगत नाहीत, तिथे घात होतो. आईबापांनो, या बाबतीत रागावू नका.

तांबडीची नसबंदी आत्ता करता येत नाही. पिल्लं दोन महिन्यांची किंवा आपली आपण खाऊ लागेपर्यंत नियमानेच मनाई आहे. म्हणजे नाताळच्या सुमारास. रेबीजची लस मात्र दहा दिवस पुरे झाले की १९ तारखेला देऊन टाकू, मी स्वतः उभा राहतो. पिल्लं तीन महिन्यांची झाली की त्यांनाही लस. दोन-तीन कोणी घरी नेली तर उत्तमच. राहतील त्यांची सहा महिन्यांनंतर नसबंदी, पुढचा भाद्रपद लागायच्या आत. तो महिना हुकला की पुन्हा हेच.

सी-२०१: एक पिल्लू माझ्या भावाला शेतावर हवंय. माद्या कोणी नेत नाही म्हणतात, तो नेईल.

सेक्रेटरी: मी महापालिकेकडे लेखी अर्ज करतो, आपल्या आवारातल्या आणि गेटबाहेरच्या सगळ्या कुत्र्यांसाठी. नसबंदी जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच होईल, कोणा ओळखीच्या माणसाकडून नाही. ऑपरेशननंतर चार-पाच दिवस ठेवून घेतात, मग इथेच आणून सोडतात. आणताना कानाची खूण आणि लशीचा कागद बघूनच गेट उघडायचं. वॉचमन, हे वहीत लिहून ठेवा.

खायला घालायच्या जागेचं. नियमाने ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून आणि येण्याजाण्याच्या दारांपासून लांब हवी, आणि वेळ लहान मुलं व वडीलधारी खाली नसतील अशी. पाण्याच्या टाकीमागची मोकळी पट्टी कशी वाटते?

ए-७०२: चालेल. रात्री साडेदहानंतर मी घालीन आणि वीस मिनिटांत भांडी उचलून जागा धुऊन काढीन. मी नसेन तेव्हा कोणीतरी हवं.

सी-४०२: तिला बघायला मी येईन ताई. मला अजून तिची भीती वाटते, पण दहा दिवस ती खातेय की नाही हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय.

आप्पा डी-१०३: लांबून बघ. लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, उगाच काहीही चावत सुटलीय किंवा मागचे पाय ओढतेय, यातलं काहीही दिसलं तर रात्री दोनला फोन कर. तिला पकडायला कोणी जायचं नाही.

बी-६०४: पत्रे माझ्या वर्कशॉपमधून आणतो, दुपारी तीनला. ड्रिल मशीन कोणाकडे आहे? आणि सेक्रेटरी, १९ तारखेला लस झाली की तिचा कागद ग्रुपवर टाका. तो मी बघणार आहे.

ए-५०१: ड्रिल आमच्याकडे आहे, मुलाला पाठवते. हॉलमध्ये आज बारसं आहे ना? केटरर कितीला आवरतो?

वॉचमन केबिन: चारला, मॅडम. मी भिंतीपाशी उभा राहतो.