मदत हवी आहे: स्नेक प्लांट रात्री खरंच ऑक्सिजन देतं का?

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडच्या एका नर्सरीतून स्नेक प्लांट आणलं. "बेडरूममध्ये ठेवा, रात्रभर ऑक्सिजन देतं," असं म्हणून नर्सरीवाल्याने भावही चढाच लावला. घरी आल्या आल्या अकरावीतली लेक म्हणाली, "बाबा, ऑक्सिजन पाण्यातून सुटतो आणि पाणी फुटायला उजेड लागतो. अंधारात कुठून येणार?"

तिच्याकडून समजलं ते असं: हरितलवकात, म्हणजे पानाच्या पेशींतल्या हिरव्या कणांत, चकत्यांच्या चवडी असतात, त्यांच्या पापुद्र्यात हरितद्रव्य. उजेड पडला की तिथे पाण्याचा रेणू फुटतो, ऑक्सिजन सुटतो, एटीपी आणि एनएडीपीएच हे ऊर्जा वाहून नेणारे रेणू तयार होतात. मग भोवतालच्या द्रवात ते वापरून कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते. इथवर ठीक. पण या झाडाची पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं) म्हणे रात्री उघडतात. कशासाठी? आणि दिवसा दारं बंद, तर कार्बन डायऑक्साइड येतो कुठून?

प्रतिसाद १
लेकीचं बरोबर आहे. रात्री झाड कार्बन डायऑक्साइड आत घेतं, त्याचं मॅलिक आम्ल करून पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे आतल्या साठवणीच्या पिशवीत, भरून ठेवतं. उजाडलं की रंध्रं मिटतात, आम्लातून तोच वायू सुटतो आणि रुबिस्को हे विकर त्याला साखरेच्या वाटेला लावतं. मूळचं कोरड्या भागातलं झाड ते. भर उन्हात रंध्रं उघडली तर पाणी उडून जाईल. ऑक्सिजन मात्र दिवसाच तयार होतो. रात्री श्वसनासाठी ते उलट ऑक्सिजन वापरतं, अर्थात एका कुंडीने तुमची झोप उडणार नाही.

पानफुटीचंही असंच. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१३ मध्येच लिहून ठेवलंय की तिचं पान सकाळी आंबट, दुपारी बेचव लागतं. तुम्ही मात्र चाखू नका, पानफुटी विषारी असते. पहाटे एक पान ठेचून रस आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीवर (आकडा कमी, तितकं आम्ल जास्त) लावा, संध्याकाळी दुसरं. फरक दिसेल.

धागाकर्ता
वा, मस्त! सोसायटीच्या बागेत पानफुटी आहे. पट्ट्या शोभेचे मासे विकणाऱ्यांकडच्या चालतील?

प्रतिसाद २
मत्स्यालयाच्या नकोत, बऱ्याचशा ६ च्या खाली वाचतच नाहीत. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे १ ते १४ च्या मागा.