मदत हवी आहे: 'हम लोग'मध्ये अशोककुमार मराठीत 'आम्ही' म्हणाले होते की 'आपण'?

नमस्कार मंडळी,

दूरदर्शनवरची 'हम लोग' मन लावून बघितलेलं इथे कुणीतरी असेलच, म्हणून विचारतेय. भाग संपला की अशोककुमार पडद्यावर यायचे, मालिकेतल्या बसेसर रामच्या घरात जे घडलं त्यावर दोन शब्द बोलायचे आणि निरोप घेताना 'हम लोग' हे शब्द वेगवेगळ्या भारतीय भाषांत म्हणायचे. त्यातलं मराठी मला हवंय.

तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता. आई आणि मावशी शेजारच्या काकूंकडे जायच्या, सरकत्या शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता त्यांचा. आई मांडीवर मेथीची जुडी घेऊन निवडत बसायची. ती सांगते, "ते 'आपण' म्हणाले आणि माझा हात थांबला." मावशी ठामपणे सांगते की शब्द 'आम्ही' होता. हिंदीत 'हम' म्हटलं की भागतं, आपल्याला मात्र ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ठरवावंच लागतं. म्हणून मला हे महत्त्वाचं वाटतं. आईला मालिकेतली थोरली मुलगी बडकी घरचीच वाटायची.

'हम लोग' ही आपल्याकडची पहिली सोप ऑपेरा, 7 जुलै 1984 ते 17 डिसेंबर 1985. कल्पना मेक्सिकोची. तिथे मिगेल साबिदो यांनी 1975 मध्ये 'वेन कोनमिगो' या मालिकेतून प्रौढ साक्षरतेचा प्रचार केला होता. ते बघून आपले वर्ध्याचे खासदार आणि तेव्हाचे नभोवाणी मंत्री वसंत साठे यांनी इथे तसंच काही करायचं मनावर घेतलं. सुरुवातीचे भाग कुटुंबनियोजनाच्या उपदेशाने जड झाले होते, लोकांना ते रुचले नाहीत. मग लेखक मनोहर श्याम जोशींनी उपदेश कमी करून घरातली सुखदुःखं पुढे आणली, आणि मालिका लोकांची झाली. दूरदर्शनकडे चार लाखांवर पत्रं गेली!

यूट्यूबवर सापडले ते भाग मी बघितले, पण बऱ्याच ठिकाणी शेवटचं निवेदनच कापलेलं आहे. कुणाकडे घरी रेकॉर्ड केलेली व्हीएचएस कॅसेट आहे का? किंवा भाग क्रमांक आठवतो का? पुढच्या महिन्यात आईला पंच्याहत्तर पूर्ण होताहेत, त्या दिवशी तिला ते ऐकवायचंय.

प्रतिसाद

ताई, एक सुचवू का? भाग दीडशेच्या वर होते आणि तेव्हा घटनेच्या आठव्या अनुसूचीत भाषा होत्या 15. म्हणजे मराठीची पाळी एकदाच आली असेल असं नाही. दोघींचंही खरं असू शकतं. एकच भाग शोधत बसू नका, शेवट शाबूत असलेले सगळे भाग ऐका.

धागाकर्ती

हे डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. आजपासून पहिल्या भागापासून ऐकायला घेते. मावशीलाही बोलावलंय. कॅसेटचं मात्र अजूनही विचारतेच आहे, कुणाकडे असेल तर नक्की कळवा.