मदत हवी आहे: सेंडमेलचे व्हर्च्युअल डोमेन पोस्टफिक्सवर नेताना नाकारलेले पत्ते

सप्रेम नमस्कार,

आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर मी सेंडमेल या मेल सॉफ्टवेअरवरून पोस्टफिक्स या दुसऱ्या मेल सॉफ्टवेअरवर हलवत आहे. जुन्या व्हर्चयूजरटेबलमध्ये (कोणत्या पत्त्याचे पत्र कोणाकडे जावे हे सांगणाऱ्या सेंडमेलच्या तक्त्यात) 3 डोमेनच्या मिळून सुमारे 240 ओळी आहेत. साध्या ओळी जशाच्या तशा चालल्या, आणि एका डोमेनची पत्रे त्याच नावांनी दुसऱ्या डोमेनवर पाठवणाऱ्या ओळीही उजवीकडचे ‘%1’ (मूळ पत्त्यातील नावाची खूण) काढल्यावर नीट चालू लागल्या.

खरी अडचण वेगळी आहे. एका डोमेनवरील उरलेले सर्व पत्ते कार्यालयाच्या पेटीत जातात, मात्र संस्था सोडून गेलेल्या सहकाऱ्यांचे पत्ते सेंडमेलमध्ये ‘एरर:नोयूजर’ (असा वापरकर्ता नाही) लिहून नाकारलेले होते. पोस्टफिक्सच्या त्याच कामाच्या व्हर्च्युअल तक्त्यात अशी नकाराची ओळ लिहिता येत नसल्याने त्यांची पत्रे, ज्यांत काही अगदी खाजगी असतात, चाचणीत कार्यालयाच्या पेटीत येऊन पडत आहेत, आणि ती परक्या माणसाने उघडणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

असे पत्ते ‘चेक_रेसिपियंट_ॲक्सेस’च्या (पत्र ज्याला जाते तो पत्ता तपासणाऱ्या नियमाच्या) तक्त्यात घालून नाकारणे हा मार्ग बरोबर आहे का? तो नियम ‘परमिट_मायनेटवर्क्स’च्या (आपल्या नेटवर्कला परवानगी देणाऱ्या नियमाच्या) नंतर लिहिला तर आमच्याच नेटवर्कमधून पाठवलेली पत्रे त्यातून निसटतात, म्हणून तो सर्वांत आधी लिहावा असे मला वाटते, पण तक्त्यात चुकून ‘ओके’ (परवानगी) राहिले तर सर्व्हर खुला रिले, म्हणजे कोणाचीही पत्रे कुठेही पोहोचवणारा, होण्याची भीती आहे.

शिवाय, एका अलायसवरील (टोपणपत्त्यावरील) पत्र थेट प्रोग्रॅमला दिले जाते. ते व्हर्च्युअल तक्त्यातून लोकलहोस्टवरील (त्याच सर्व्हरवरील) अलायसकडे वळवणे पुरेसे आहे का? ज्यांनी असे स्थलांतर स्वतः केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.